पर्समधली किल्ली

तीन शाळांना मिळून नर्सबाई एकच, म्हणून औषधांच्या कपाटाची किल्ली कायम त्यांच्या पर्समध्ये असायची. कुलूप लावल्याशिवाय निघायचं नाही, हा नियमही त्यांचाच. त्या मंगळवारी बाई दुसऱ्या शाळेत असताना चौथीतली दम्याची पोर धापा टाकत एकटीच इथल्या औषधांच्या खोलीत आली आणि कपाटापाशीच तिने जीव सोडला. तेव्हापासून किल्ली नुसती वाजली तरी बाई दचकायच्या. आज पोरीची आई कपाटात ठेवलेला तिचा दम्याचा पंप न्यायला आली. बाईंनी तो काढून दिला. तिने तो हवेत एकदा दाबला. फुस्स झालं. "चालू होता की," ती म्हणाली. जाता जाता आई थबकली. कुलपाच्या भोकाभोवती बारीक ओरखडे होते. "हे कशाचे?" "ठाऊक नाही. आधी नव्हते." आईने ओरखड्यांवरून बोट फिरवलं. "तिच्या दप्तरातल्या कर्कटकाचं टोक कशाने मोडलं, ते आत्ता कळलं."