एकही दिवा न लागणारी गाडी

कोंडीरामनं विकायला काढलेली गाडी आधी व्यंकटच्या गॅरेजात आणली. "बघा मिस्त्री, धोक्याचा एकबी दिवा लागत न्हाय. ब्रेकचा न्हाय, चाक घसरल्याचा न्हाय!"

व्यंकटनं चावी फिरवली. "चावी फिरवली की समदे दिवे क्षणभर लागून विझायला पायजेत. हितं लागतच न्हाईत. कुणीतरी तोंड बंद केलंय त्यांचं."

तेवढ्यात व्यंकटच्या भूमला दिलेल्या लेकीचा, करिश्माचा फोन आला. "मी मजेत हाय, बाबा. कसलीच तक्रार न्हाय."

लग्नाआधी चहा गार झाला तरी भांडणारी करिश्मा वर्षभर एवढंच सांगत होती.

व्यंकटनं हात पुसले आणि शटर खाली ओढलं.

"अन् गाडी?" कोंडीरामनं विचारलं.

"उद्या बघू. आता भूमची एसटी हाय."