नदीतला खडा

भिंगाखाली चांद्रखडा चमकला आणि संग्रहालयाची नवी प्रमुख मृणालिनी हबकली. चंद्रावरच्या दगडात अभ्रक कुठून येणार?

कपाटाच्या किल्ल्या वीस वर्षं रखवालदार रसाळांकडेच होत्या. तिने त्यांना बोलावून दार लावलं. "खरा खडा कुणाला विकलात?"

"विकला नाही, बाई. लपवला." त्यांनी कोठीतून सीलबंद काचेची डबी आणली. "जुने साहेब तो पाहुण्यांना दाखवायला घरी न्यायचे. एकदा महिनाभर परत आणलाच नाही. तो परत आल्यावर मी हा लपवला आणि त्या जागी तशाच डबीत नदीतला ठेवला."

सील शाबूत होतं, आतल्या खड्यात अभ्रकही नव्हतं. तिचा आवाज उतरला. "इतकी वर्षं कुणाला सांगितलं का नाही?"

"कुणाला सांगणार? चार साहेब आले, बाई. भिंग लावून पाहिलंत ते फक्त तुम्ही."