पहिली अंघोळ

चंदीगडच्या भाड्याच्या घरातला तडा गेलेला टब गुरुनाथरावांनी स्वतः उखडून काढला, नवा बसवला आणि नळही बदलले. प्लंबर बोलवायचा नाही, हा त्यांचा हट्ट. जुना नळ टाकून देववेना, म्हणून तो अंगणात लावला. पहिली अंघोळ मात्र त्यांनी अनंत चतुर्दशीला काढलेल्या रजेसाठी राखून ठेवली होती.

त्या दुपारी टब काठोकाठ भरला, खांद्यावर टॉवेल टाकला, तोच सेक्टरमधली मराठी कुटुंबं आपापले गणपती घेऊन दारात हजर.

"सुखना तलावापर्यंत स्कूटरवरून मूर्ती कशा न्यायच्या, भावजी?" शेजारच्या शशिकलावहिनी म्हणाल्या. "तुमचा टब कोरा आहे ना अजून?"

"अगदी कोरा," आतून गुरुनाथरावांच्या आईच कौतुकाने म्हणाल्या. "माझ्या लेकाने स्वतःच्या हाताने बसवलाय."

आरती झाली आणि एकेक बाप्पा टबात उतरले.

***

आता आई रोज सकाळी त्या टबाला हात जोडतात आणि गुरुनाथराव अंगणातल्या जुन्या नळाखाली बादली लावतात.