हवेतला नायट्रोजन

चोपन्न साली कोल्हापुरातल्या एका फौंड्रीत गॅसवर चालणारी नवी भट्टी त्या सकाळी पहिल्यांदाच पेटली होती. तिचं धुराडं किती रुंद हवं, ते इंजिनियर नृसिंहनं स्वतः काढलं होतं. दुपारी जेवायला घरी आल्यावर त्यानं तो हिशेब मोठ्या हौसेनं बायकोला दाखवला. सरोजिनी मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायची. तिनं कागद पुन्हा वरपासून वाचला.

"यात हवेतला नायट्रोजन कुठं धरलाय तुम्ही?"

"तो जळत नाही गं."

"जळत नाही, पण बाहेर तर धुराड्यातूनच पडणार की."

नृसिंहचा घास हातातच राहिला. हवेत बहुतेक भाग तोच असतो. म्हणजे त्यानं धरलेल्या धुराच्या कितीतरी पट धूर निघत होता, आणि अरुंद धुराड्यात न मावलेला धूर त्यातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडसकट शेडमध्ये साचत होता. पावसाची झड आत येते म्हणून दारं लावून घ्यायला त्यानंच सांगितलं होतं.

तो अनवाणीच धावत सुटला. शेडचं दार ढकललं, तर भट्टीवाला केरबा भिंतीला टेकून कोसळला होता. नृसिंहनं गॅस बंद केला आणि त्याला काखेत धरून बाहेर ओढत आणलं. बऱ्याच वेळानं केरबानं डोळे उघडले.

"अरे, गरगरायला लागल्यावर बाहेर का नाही आलास?"

"उठलतो की, सायेब. पर म्हटलं, धुराडं तुमी हिशेब करून बांधलंय. तवा गॅसचं न्हाय, माझंच कायतर बिघडलं असंल. म्हणून परत बसलो."