माघातली सावड

"चौकशीची टेबलं दोन आहेत, राहणार एक," मॅनेजर साहेब म्हणाले. "शहापूरचं, नाहीतर मुरबाडचं. जे जाईल तिथे माणसाऐवजी मशीन बसेल. महिनाअखेरीला वरून कळवतील."

"कशावरून ठरवणार, सर?" वैष्णवीनं विचारलं.

"टोकनं मोजून."

"जास्त असली तर चांगलं, की कमी असली तर?"

साहेबांनी वर पंख्याकडे पाहिलं. "ते काही सांगितलेलं नाही."

वैष्णवी शहापूरच्या शाखेत चौकशीच्या टेबलावर बसायची. पासबुक का छापत नाही, ओटीपी कुणाला सांगायचा नाही, मेलेल्या माणसाचं खातं कसं बंद करायचं, सगळं तिच्याकडे. त्या बँकेचं असं टेबल या पट्ट्यात आणखी एकच, मुरबाडला. त्यावर अनिल नावाचा मुलगा. हे टेबल गेलं तर पुढे ठाण्याच्या कॉल सेंटरची रात्रपाळी, आणि रात्रपाळीला घरचे पाठवणार नव्हते. म्हणजे घरी बसायचं. घरी बसलेल्या मुलीचं काय करायचं, ते गावाला तिच्याआधी सुचतं.

संध्याकाळी तिनं वडिलांना सांगितलं. कोंडू ओटीवर बसून कोयत्याला धार लावत होता.

"टोकन म्हंजे काय गो?"

"माणूस अडला की दाराजवळचं बटण दाबतो, नंबर घेतो, माझ्याकडे येतो. ते टोकन."

"म्हंजे गाऱ्हानं."

"तसंच समजा."

"आनि त्या मुरबाडवाल्याकडंबी तसंच?"

"तसंच."

कोंडूनं कोयत्याची धार अंगठ्यानं पाहिली. "मंग तू झोप. कशाला काळजी करतंस."

दुसऱ्या दिवशी तो धुतलेला सदरा घालून वैष्णवीच्याही आधी निघाला.

"कुठं, बाबा?"

"सावडीला."

बस येईपर्यंत वैष्णवी विचार करत राहिली. लावणीत एकमेकांच्या शेतावर पाळीपाळीनं राबतात ती सावड. पण आता माघ चालू होता. भात कधीच झोडून झालं होतं, पेंढासुद्धा विकला गेला होता.

शाखेत पोचली तर टेबलासमोर रांग. एकही चेहरा ओळखीचा नाही.

"पासबुकातला माझा फोटो हसत का नाय?" एकानं विचारलं.

दुसरा म्हणाला, "माझं हितं खातं नाय. पन उघडलं असतं तर आज त्यात किती असते?"

बाईजा नावाच्या म्हातारीनं एटीएम कार्ड कसं वापरायचं ते चारदा ऐकलं आणि चारही वेळा मान हलवली. "मला काय कळलं नाय. परत सांग."

"आजी, तुम्ही कुठून आलात?"

"सरळगावहून."

"मग तुम्हाला मुरबाडची शाखा जवळ पडेल."

"तिथं नाय जमत, तिथं आमच्याच गावचं पोर बसतं," म्हातारी घाईघाईनं म्हणाली. उठता उठता खाली वाकली. "माझं गाऱ्हानं तुझ्याच टेबलावर लागलं ना, पोरी?"

"लागलं."

"बरं झालं." म्हातारीचं तोंड मात्र पडलेलं होतं. ओच्यातली मूठभर बोरं तिनं टेबलावर ठेवली आणि मागे न बघता गेली.

हे रोजचंच झालं, आणि येणारे सगळे मुरबाडकडचे. शेवटी वैष्णवीनं मुरबाडला फोन लावला.

"अनिल सर, तुमच्याकडची माणसं माझ्याकडे का पाठवताय?"

"मी? मॅडम, मीच तुम्हाला विचारणार होतो. माझ्यासमोर रोज शहापूरकडची रांग. काल एक काका आले, कोंबडी तारण ठेवून कर्ज देता का म्हणाले. अंडी व्याजात धरणार का, तेही विचारलं."

"मग?"

"मग काय, नियम वाचून दाखवला. तीनदा. शेवटी चहा पाजला."

रांग वाढली म्हणून खूश व्हायचं की घाबरायचं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

महिनाअखेरीला साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "दोन्ही टेबलं राहिली. एवढी माणसं जिथे अडतात तिथे मशीनचं काम नाही, असं वरचे म्हणतात."

वैष्णवी पेढे घेऊनच घरी गेली. ओटीवर कोंडू आणि आळीतली चार माणसं बसली होती. सगळ्यांनी धुतलेले सदरे घातले होते.

"माझी नोकरी पक्की झाली, बाबा."

कोंडूनं अख्खा पेढा तोंडात टाकला. "मला ठाऊक होतं. आनि मुरबाडवाला कधी जातोय?"

"तो पण राहिला. जिथं गाऱ्हाणी जास्त, तिथं माणूस हवाच, असं ठरलं."

कोंडूचं तोंड चालायचं थांबलं. बाकीचे पेढा हातातच धरून त्याच्याकडे बघू लागले.

"जास्त गाऱ्हानी म्हंजे कामात खोट, असं नाय?"

"नाय, बाबा."

कोंडूनं पेढा कसाबसा गिळला.

"मंग त्या पोराला मी कोंबडीचं उगाच इचारलं."