चढावर किती वेळा अडकली?

टेकडीवरच्या दवाखान्यात मी नर्स आहे. चिखलाच्या चढावर आमच्या पिकअपचं एक मागचं चाक जागच्या जागी गरगरतं आणि दुसरं ढिम्म हलत नाही, म्हणून ह्यांनी मागच्या दोन चाकांना इंजिनाची ताकद वाटून देणारं डिफरन्शियल बदलायचं मनावर घेतलं. मागचं सगळं खोलून गाडी ठोकळ्यांवर चढवली, आणि मग ह्यांना प्रश्न पडला. दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं लॉक बटणाचं घ्यावं, की आपोआप लागणारं?

"अहो, रोजची गाडी आहे. मेकॅनिक म्हणतोय ना, घ्या आपोआपचं."

"अगं, वळणावर टायर घासतात त्याने. मला नीट अभ्यास करू दे."

अभ्यासाला महिना झाला, गाडी अजून ठोकळ्यांवरच. लसींचा डबा खांद्याला अडकवून मी रोज तो चढ पायी चढते. काल गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन दारात उभी राहिले, तर हे वही उघडून तयारच.

"या महिन्यात गाडी चढावर किती वेळा अडकली? नक्की आकडा सांग, त्यावरच ठरणार आहे."

"एकदाही नाही," मी दातओठ खात म्हटलं.

 

ह्यांनी वहीत शून्य लिहिलं आणि चेहरा असा उजळला म्हणून सांगू! "मग काढलेलंच परत बसवतो. लॉकची गरजच नाही आपल्याला."