टोपीच्या नाडीला गाठ

तंबू जागेवर नव्हता.

आजी पलीकडच्या बाथरूममध्ये तोंड धुऊन आल्या, आणि तेवढ्यात तीन माणसांचा अख्खा तंबू गायब. नळ होता. नळापुढे आडवा पडलेला ओंडका होता. ओंडक्यासमोर तंबू हवा, तर तिथे नुसतं चेपलेलं गवत आणि त्यावर धो धो पाऊस.

"अगं बाई," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "चुकले की काय मी!"

चुकायची तर सोयच नव्हती. मुलाकडे परदेशात येऊन वर्ष होत आलं होतं आणि अलीकडे त्यांच्या हातून काही ना काही घडत होतं. एकदा गॅस तसाच चालू राहिला. एकदा चहात मीठ पडलं. एकदा कोपऱ्यावरच्या दुकानातून येताना त्यांनी भलत्याच इमारतीची बेल वाजवली. तेव्हापासून मुलगा आणि सून स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलायचे, आणि आजी आत आल्या की हवापाण्यावर घसरायचे. सोमवारी मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. "नुसतं दाखवून येऊ, आई," मुलगा म्हणाला होता. नुसतं दाखवायला मी काय लग्नाची मुलगी आहे, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं.

म्हणून या सहलीत एकही चूक करायची नाही, असं त्यांनी पक्कं ठरवलं होतं. घरात धड छप्पर असताना पावसात एवढी गाडी हाकत यायचं आणि चिखलात कापड ताणून झोपायचं, यात सुख कसलं ते त्यांना काही केल्या कळत नव्हतं. तरी सुनेने "मजा येतेय ना, आई?" विचारल्यावर त्या "खूप" म्हणाल्या होत्या. इथले सगळे तंबू भाड्याचे, एकजात हिरवे. जाताना त्यांनी खुणा नीट बघून घेतल्या: नळ, ओंडका, तंबू. एरवी पदराला गाठ मारली असती. पण आज अंगात सुनेची पँट आणि वर सुनेचाच रेनकोट. मग रेनकोटच्या टोपीची नाडी होती, तिला मारली.

आता ती गाठ मुठीत धरून त्या उभ्या होत्या.

शेजारच्या तंबूचं दार त्यांनी धीर करून जरासं उचललं. आत एक दाढीवाला गृहस्थ उघडाबंब बसून पावाला लोणी लावत होता. त्याने काहीतरी विचारलं, बहुधा आपुलकीनेच. आजींना ती भाषा कुठे येत होती! "सॉरी, सॉरी" करत त्या उलट्या पावली ओंडक्याशी आल्या.

मुलाला हाक मारावी? म्हणजे म्हातारी हरवली अशी आपणच दवंडी पिटायची. की नळ दुसराच होता? की हा ओंडका कालच्या मुक्कामावरचा, आणि आपण उगाच इथे जोडतोय? आजींना मनापासून भीती वाटली. पावसाची नाही, परक्या मुलखाचीही नाही. आपलंच डोकं आपल्याला फसवतंय की काय, याची.

इतक्यात चढावरून मुलगा धावत आला. मागून सून.

"आई! किती शोधलं तुला! इथे काय करतेस भिजत?"

"इथे आपलं घर होतं," आजी म्हणाल्या. तंबू हा शब्द ऐनवेळी तोंडात आलाच नाही.

मुलाचा चेहरा उतरला. त्याने बायकोकडे बघितलं. ते बघणं आजींनीही बघितलं.

"आई, आपलं घर लांब आहे," तो लहान मुलाला समजवावं तसं म्हणाला. "आपण फिरायला आलोय ना?"

सून मात्र खाली बघत होती. गवतात खुंट्यांची भोकं पाण्याने भरली होती.

"अरे, बरोबर बोलतायत त्या. इथेच होता तंबू. आत पाणी शिरायला लागलं म्हणून आपणच तो वर गाडीजवळ नेला. तू सांगितलं नाहीस त्यांना?"

"मी? मला वाटलं तू सांगितलंस! मी खुंट्या उपटत होतो."

"आणि मी काय नाचत होते?"

आजींचा जीव भांड्यात पडला. पाठोपाठ असा राग आला की आवाजच चढला.

"तंबू नेलात. गाद्या नेल्यात. बिस्किटांचा डबासुद्धा नेला असेल. आई तेवढी विसरलात!"

मुलाने पुढे होऊन त्यांची टोपी सारखी केली.

"सोमवारी तिघंही जाऊ त्या डॉक्टरकडे. मी एकटीच कशाला?"

सून आधी खुदकन हसली आणि मग तिचे डोळे भरून आले. "चुकलं, आई," मुलगा म्हणाला आणि त्याने त्यांचा हात धरला. चढ चढेपर्यंत सोडला नाही.

नव्या जागी तंबू कोरडा होता. सुनेने थर्मासमधला चहा ओतून दिला. आजी रेनकोट अंगातच ठेवून बसल्या होत्या. त्यांना फार बरं वाटत होतं. डोकं ठिकाणावर होतं, खुणा बरोबर होत्या, गाठीने काम चोख केलं होतं. काम झालं की गाठ सोडायची असते, म्हणून त्यांनी नाडी चाचपून ती नखाने सोडवली.

तिच्या जरा खाली बोटाला आणखी एक गाठ लागली.

ही कधी मारली? कशासाठी? आजींनी पुष्कळ आठवून पाहिलं. औषधाची? नाही, ते घेतलं. कुणाला फोन करायचा होता का? की ही सुनेची असेल? रेनकोट तर तिचाच. विचारलं असतं तर क्षणात उलगडा झाला असता. सून समोरच बसून ओले मोजे पिळत होती.

आजींनी नाडी हळूच कॉलरच्या आत सरकवली. ज्याची असेल त्याला आठवेल.